दुसऱ्या मात्रेवरची टाळी

आमच्या घरात गहू खायचा तो पखवाज. आम्ही माणसे पेज, भात, घावणे आणि कुळथाची पिठी यांवर वाढलो. चपाती असायची ती आजाऱ्याला, नाहीतर मुंबईहून आलेल्या पाहुण्याला. पण आईच्या फडताळात वरच्या फळीवर एक झाकणाचा डबा असे आणि त्यात मूठ-दोन मूठ गव्हाचे पीठ काही झाले तरी असायचेच. दर सोमवारी बाबा कचेरीतून आले की हातपाय धुऊन पडवीत बसत. मी लिंबाएवढा कणकेचा गोळा मळून त्यांच्यापुढे धरी आणि ते तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर अंगठ्याने दाबून दाबून पसरत. कणीक बसली की तिथला आवाज जाड होतो. मग ते एकदाच डावा पंजा टाकत. धुम्. तो आवाज चुलीपर्यंत जायचा आणि आई आतून म्हणायची, ‘‘पातळ आसा गो कणीक. फुडल्या वेळी दाट मळ.’’ तिने उभ्या जन्मात पखवाजाला बोट लावले नव्हते, पण कणीक कशी आहे हे तिला चुलीपाशी बसून कळायचे. भजन आटोपले की बाबा ती कणीक खरवडून गाईला घालत. मला त्या गाईचा हेवा वाटायचा. आज हे हसत सांगते, तेव्हा हसू येत नव्हते.

बाबा मालवणच्या बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. घर गावाबाहेर, वाडीत. कचेरीत चालत जायचे आणि चालतच यायचे. कचेरीतले शुद्ध मराठी ते कचेरीतच ठेवून येत आणि घरी तर मालवणीसुद्धा फारसे बोलत नसत. त्यांचे काय ते बोलणे हाताने. जेवताना भात यायला उशीर झाला की पाटावर बोटे. आई रागावली की ओटीच्या खांबावर हलकेच एक तिहाई, एकच तुकडा तीनदा; ती त्यांची समजूत काढायची रीत. मी लहान असताना मला झोपवायचे तेही पाठीवर ठेका धरून, आणि सम आली की तळहात जरा दाबून ठेवायचा. सम म्हणजे तालाचे पहिले घर. कुठेही भटकून या, तिथे वेळेवर पोचले पाहिजे. आमच्या देवळातल्या भजनात झांजा वाजवणारे दहा-बारा जण असत आणि त्यांतला एकही बाबांच्या उजव्या हाताकडे लक्ष देत नसे. उजव्याची नक्षी ऐकत बसले की माणूस चुकतो, असे ते म्हणत. त्यांनी धरून ठेवलेला असायचा तो डाव्याचा धुम्. वर्षानुवर्षे त्या एका आवाजाच्या मागून सगळ्या झांजा चालत होत्या.

मी एकुलती एक. ‘‘पखवाजाक वारस नाय’’ हे वाक्य लोक माझ्यासमोर बोलत, जणू मी तिथे नव्हतेच. बाबांनी ते कधी मनावर घेतल्याचे दिसले नाही. वाडीतला सदू नावाचा मुलगा, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, त्यांच्याकडे शिकायला येई. मी आत आडोळीवर नारळ खवत बसे आणि सदूला जे सांगितले जाई ते सगळे माझ्याही कानात शिरे. मुलीने पखवाजावर बसायचे नाही हे कुणी मला सांगितले नव्हते. आमच्याकडे अशा गोष्टी सांगाव्या लागत नसत.

आईचा धाकटा भाऊ, वसंतमामा, परदेशी जाणाऱ्या बोटीवर भटारखान्यात होता. मसुऱ्याच्या घरी तो फार टिकत नसे. सुट्टीवर आला की दोन दिवस तिकडे आणि उरलेले आमच्याकडे. येताना बिस्किटांचे डबे, सुगंधी साबण आणि गोष्टी. त्या वर्षी तो आला तेव्हा हमालाच्या डोक्यावरची एक पेटी त्याने हमालाला उतरवू दिली नाही, स्वतः उतरवली. आत तबकड्या वाजवायचे यंत्र, तेही विजेशिवाय, टॉर्चला घालतात तसल्या सेलवर चालणारे. वाडीत वीज यायला अजून पुष्कळ अवकाश होता. संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, भजनी मंडळ जमले. भजन म्हणणारे तातूबुवा मानाच्या जागी, बाबा त्यांच्या शेजारी, आणि मामा मध्ये, दशावतारातल्या राजासारखा ऐटीत.

‘‘भावोजी, आयका आता. थंय विलायतेत पोरां येडी झाली हत ह्येच्यापायी,’’ असे म्हणून त्याने सुई टेकवली.

आधी खरखर, मग तारांचा झणझणाट, मग तीन-चार जण एकदम ओरडल्यासारखे गायला लागले. आणि त्या सगळ्याच्या खाली एकजण न थकता वाजवत होता: धप् टाक्, धप् टाक्. ना सुरुवातीची उठाण, ना शेवटची तिहाई, ना कुठे विसावा. गाणे संपले. तातूबुवा म्हणाले, ‘‘गळो बसललो दिसता बिचाऱ्यांचो.’’

‘‘गळ्याचा जांव दे,’’ बाबा म्हणाले. ‘‘वाजवणारो उलटो बसलो हा. सम सोडून भलत्याच जाग्यार मारता.’’

‘‘भलत्याच नाय, भावोजी. तेंची तीच रीत,’’ मामा म्हणाला. ‘‘एक, दोन, तीन, चार. आपण एकावर जोर देतो. ते दोनावर आनि चारावर देतत. थंयची माणसां टाळीय थंयच वाजवतत. बीट म्हणतत ह्येका.’’

मग टाळ्यांची परीक्षा झाली. मामाने तीच तबकडी पुन्हा लावली आणि सगळ्यांना टाळी धरायला सांगितले. जन्मभर देवळात टाळी वाजवलेली ती माणसे. सगळ्यांचे हात पहिल्या मात्रेवर एकदम पडले, ठाप. मामाची टाळी एकटीच दुसऱ्यावर, टिचकीसारखी. त्याने हाताने खुणा केल्या, डोळे मोठे केले, पाय आपटला. दोन आवर्तने नीट जायची आणि तिसऱ्याला पुन्हा सगळे पहिल्यावर घसरायचे. तातूबुवांना हसता हसता ठसका लागला. बाबा मात्र हसत नव्हते. तालात आपण चुकतो आहोत ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच होत होती, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

आई आतून आडोळीवरून ओरडली, ‘‘अरे, गाऱ्हाणां घालतत तसा आसा तां! घाडी आदी बोलता, मगे तुमी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतास ना? तुमची टाळी ‘व्हय म्हाराजा’र मारा!’’

देवळात गाऱ्हाणे घालताना एकजण, घाडी, देवाशी बोलतो आणि दर वाक्याला जमलेले सगळे मागून होकार देतात. ही गोष्ट त्यातल्या प्रत्येकाच्या रक्तात होती. पुढच्या वेळी बाबांनी पहिल्या मात्रेवर नुसतीच मान हलवली आणि हात दुसऱ्यावर पडला. मग तिसरीवर मान, चौथीवर हात. हळूहळू सगळे खळे त्या जागी टाळी वाजवू लागले आणि मामा उठून उभा राहिला, हरल्यासारखा की जिंकल्यासारखा, ते कळेना. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा कचेरीतून येताना पायवाटेवर तेच करत येत, उजवा पाय मुका आणि डाव्यावर चुटकी. एकदा मला म्हणाले, ‘‘ह्येच्यात काय नाय गो. पोरय वाजवीत. पण एकदा धरल्यार सुटत नाय.’’ त्यांच्या तोंडून एवढे मोठे वाक्य म्हणजे भाषणच. मामा बोटीवर परत गेला आणि पेटी आमच्याकडे ठेवून गेला. बोटीवर भटारखान्याच्या वाफेने ती खराब होते असे म्हणाला. खरे म्हणजे बाबांसाठीच ठेवली.

पावसाळा सरला, बंदर उघडले, आणि एका सकाळी बाबांना कचेरीतल्या खुर्चीसकट चार खलाशांनी उचलून घरी आणले. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. तोंड एका बाजूला ओढलेले, आणि डोळे मात्र तेच, नीट पाहणारे. मालवणचे डॉक्टर आले, सुई टोचून पाहिली, बाबांचा उजवा हात काही बोललाच नाही. ‘‘बघू या,’’ डॉक्टर शुद्ध मराठीत म्हणाले. आई त्यांच्यासाठी चहा करायला वळली आणि चहात साखर घालायची विसरली. तेवढेच काय ते तिचे चुकले. रडली नाही.

मीही रडले नाही. आता या वयात लोक मला विचारतात, तेव्हा कसे वाटले असेल ना तुम्हाला? खरे सांगायचे तर मला काहीच वाटले नाही. सकाळी उठायचे, विहिरीचे पाणी आणायचे, बाबांना कुशीवर वळवायचे, पाठ पुसायची, वैद्याचे तेल उजव्या हाताला चोळायचे. तो हात माझ्या मांडीवर घेऊन मी नखे काढी आणि मनात एवढेच येई की हाताला वजन किती असते. जेवणाची चव गेली होती. सुक्या बांगड्याची किसमूर मला जीव की प्राण. त्या दिवसांत ती खाल्ली काय आणि भुसा खाल्ला काय, सारखेच. देवगडहून मला बघायला येणारे होते, त्यांनी येणे रद्द केल्याचा निरोप आला. आईने तो सांगितला आणि मी म्हटले, बरे. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तीही म्हणाली, बरे. घरात आम्ही तिघे होतो आणि तिघेही कुठल्यातरी पाण्याखाली होतो, वरचे आवाज फक्त पुसट येत होते.

येणारे-जाणारे उपाय सांगत. कुणी कबुतराचे रक्त चोळा म्हणे, कुणी गाणगापूर, कुणी बाहेरची बाधा. तातूबुवांनी त्यांच्या परीने उपाय केला. सगळे मंडळ घेऊन घरी आले, सदूने बाबांचाच पखवाज मांडीशी घेतला आणि बाबांच्या खाटेपाशी बसून त्यांनी अभंग सुरू केला, हळू आवाजात, आजारी माणसापुढे करतात तसा. बाबांनी पहिल्या ओळीतच भिंतीकडे तोंड फिरवले. एक कान उशीत दाबला आणि दुसऱ्यावर डावा हात ठेवला. सदूचा हात तिथेच थांबला. पुन्हा कुणी घरी भजन केले नाही. पण सोमवारी देवळातला आवाज वाऱ्यावरून यायचाच. तो आला की डावा हात कानावर. आई उठून दारे लावायची, खिडकीला गोणपाट लावायची. जे ऐकत बाबा पन्नाशीला पोचले तेच त्यांना नको झाले होते. पाय गेला ते परवडले, वाचा गेली तेही; पण ऐकणेच गेले तर या माणसात उरले काय, हा प्रश्न आई बोलत नसे, तरी तो रोज आमच्यात पेजेच्या भांड्याबरोबर फिरत असे.

मामाची पेटी मी लावली ती काही बाबांसाठी नव्हे. मी उगाच वीरकन्या होणार नाही. माळा झाडत होते, पेटी दिसली, धूळ पुसली, चालते का पाहावे म्हणून तबकडी ठेवली. दुपार होती, पेज होऊन गेली होती, आई मागच्या दारी भांडी घासत होती. खरखर झाली आणि ते न थकणारे धप् टाक् सुरू झाले. मला वाटले आता हात कानावर जाणार. मी बंद करायला वाकले आणि खाटेच्या कडेवर आवाज झाला. बाबांचा डावा पंजा. पहिल्या मात्रेवर एक, तिसऱ्यावर एक. धुम्, आणि मग रिकामी जागा. धुम्, आणि रिकामी जागा. ते छपराकडे बघत होते. मला त्यांचा उजवा हात चादरीवर पडलेला दिसत होता आणि ती रिकामी जागा कुणाची आहे हेही कळत होते. मी जमिनीवर बसले आणि त्या जागी टाळी मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. फक्त पुढचा धुम् जरा जोरात आला.

आई राखेचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. ती आत गेली, डबा काढला आणि कणीक मळायला बसली. दाट मळली. खुंटीवरचा पखवाज स्वतः उतरवला. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला हात लावला तो असा. बाबांना लोडाला टेकवून बसवले, पखवाजाचे कणकेचे तोंड त्यांच्या डाव्या हाताशी आले आणि दुसऱ्या तोंडाशी मी बसले. मुलीने बसायचे नाही ती जागा. पण तिथे बघायला कोण होते?

त्यानंतर रोज पेज झाली की आम्ही वाजवत असू. सेल संपले, तबकडी मुकी झाली, तरी आमचे चालूच राहिले. भजनी ठेका आम्हाला शक्य नव्हता. त्याला एका माणसाचे दोन हात लागतात, बोटे लागतात, एका हाताचे दुसऱ्याच्या कानात सांगणे लागते. हा परका ताल मात्र दोन माणसांत वाटून घेता येत होता. एकाने पडायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. त्यांचा धुम्, माझा ता. मी तेव्हा आनंदात होते असे लिहिले तर खोटे होईल. त्या तालाने मला आनंद मागितलाच नाही. आपला अभंग तुमच्याकडे काहीतरी मागतो, डोळे भरून यावेत, देव आठवावा. हा ताल एवढेच म्हणतो की आता पुढचा मार. मग त्याच्या पुढचा. आतून बधिर झालेल्या माणसालाही तेवढे जमते. आता गणपतीत वाडीवरून बँजोची पार्टी जाते, नातवंडे गॅलरीत नाचतात, आणि त्या दणदणाटाच्या तळाशी तोच ताल असतो. लोक त्याला मजेचा समजतात. मला तो कधीच मजेचा वाटला नाही. माझ्यासाठी तो आजही एका खाटेशेजारी बसून पुढच्या मात्रेची वाट पाहण्याचा ताल आहे.

आमचे ते दुपारचे वाजवणे चालू असतानाच देवळातला सप्ताह आला. आमच्याकडे सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड भजन. प्रत्येक घराण्याचा पहारा, म्हणजे पाळी, ठरलेली, आणि एका पहाऱ्याने दुसऱ्याच्या हाती भजन द्यायचे ते गाता गाता, झांज न थांबवता. मध्ये खंड पडला तर गावाला वाईट, अशी पक्की समजूत. आमच्या घराचा पहारा दुपारचा, आणि कित्येक वर्षे त्याला पखवाज बाबांचा. आईने ठरवले की यंदाही बाबा बसणार. तिने जाऊन देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. मग तातूबुवांना नाही म्हणता येईना. ‘‘बसवया तेंका,’’ ते म्हणाले, ‘‘डावो हात तेंचो, उजवो सदूचो. काय होवचा तां होवंदे.’’ आई घरी आली ती जवळजवळ धावत. तिच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत मी काही पाहिले नव्हते; आज तिथे आशा होती, आणि मला भीती वाटली.

त्या दुपारी बाबांना खुर्चीतून देवळात नेले. धुतलेले धोतर, कपाळाला गंध, आईने बारीक कातरलेल्या मिशा. सभामंडपात खांबाला लोड लावून बसवले. पखवाज मध्ये, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला सदू. झांजवाले भोवती गोल. आम्ही बायका खांबांच्या रांगेपलीकडे. बाबांना देवळात बघून म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. आधीच्या पहाऱ्याने गाता गाता भजन आमच्या हाती दिले, तातूबुवांनी ते उचलले, सदूची बोटे उजव्या तोंडावर सुरू झाली. बाबांचा डावा हात वर गेला आणि खाली आला. धुम्.

पहिला धुम् समेवर होता. सगळा मंडप सैलावला. दुसरा आला, तिसरा आला, आणि मी तो ओळखला. बाबा अभंग वाजवत नव्हते. ते आमचे दुपारचे वाजवत होते, त्याच चालीत, त्याच गतीत, भजनाहून जलद. धुम्, रिकामी जागा, धुम्, रिकामी जागा. सदूने गडबडून ठेका धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण झांजवाल्यांच्या हाडात जी सवय होती ती आज त्यांना नडली. डाव्याच्या मागून जायचे. निम्म्या झांजा आपोआप बाबांच्या मागे निघाल्या, निम्म्या सदूबरोबर राहिल्या, आणि तातूबुवांचा अभंग मध्ये सापडला. शब्द अडखळू लागले. झांजवाले एकमेकांकडे पाहू लागले. आता कुठल्याही क्षणी सगळे थांबेल असे झाले. सात दिवसांचा सप्ताह, आमच्या पहाऱ्यात, बाबांच्या हाताने.

बाबांना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी मान वर केली होती आणि ते उजवीकडे बघत होते, सदूकडे, पण सदूला पाहत नव्हते. दर धुम् नंतर ते थांबत होते. त्यांना माझा ता हवा होता. मी खांबापलीकडे बायकांत, हात मांडीवर. तो हात आपोआप उचलला आणि मी दुसऱ्या मात्रेवर मांडीवर मारला, पुन्हा मारला. इतक्या झांजांत तो त्यांना कुठून ऐकू जाणार? शेजारच्या काकीने माझा हात धरला. तिला वाटले, मी घाबरले.

माझ्या शेजारून आई उठली. पदर खोचला, खांबांची रांग ओलांडली आणि सरळ पुरुषांच्या गोलात शिरली. पहारा चालू असताना तिथे बाईने पाऊल टाकलेले कुणी पाहिले नव्हते. पण भजन थांबवता येत नव्हते ना; तिला अडवायचे, ओरडायचे तर गाणे सोडावे लागणार. तातूबुवा गात राहिले, डोळे विस्फारून. आई बाबांच्या डाव्या बाजूला खाली बसली. त्यांचा हात वर गेला होता तो तिने खाली येण्याआधी दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला. मग त्यांच्या कानाशी वाकली. ती काय म्हणाली ते जवळच्या झांजवाल्याने नंतर सांगितले: ‘‘पुरो झाला. आता आयका.’’

बाबांनी हात सोडवायला एक हिसका दिला. आईने सोडला नाही. सदूने अंग पुढे टाकून पखवाज आपल्याकडे ओढला, त्याचा स्वतःचा डावा कणकेवर पडला, आणि विखुरलेल्या झांजा एकेक करून त्याच्या मागे आल्या. अभंग सावरला. खंड पडला नाही. बाबांच्या नाकातून पाणी गळत होते, तोंडाची ओढलेली बाजू थरथरत होती, आणि त्यांचा एकच चालता हात आईच्या हातात होता. कानावर ठेवायला आता हात नव्हता. त्यांना ऐकावे लागले. पहारा संपेपर्यंत आई तिथून हलली नाही. कितीतरी वेळाने बाबांनी डोळे मिटले आणि मान खांबाला टेकवली. हिसके थांबले होते. पुढे कितीतरी वर्षांनी मी आईला विचारले, कौल तर उजवा दिला होता ना देवाने? ती म्हणाली, ‘‘देवान बसव म्हटल्यान. वाजव खंय म्हटल्यान?’’

पहारा दुसऱ्या घराण्याच्या हाती गेला आणि आम्ही बाबांना बाहेर आणले. देवळाच्या पायऱ्यांपाशी तातूबुवा वाट बघत होते. त्यांना बोलणे भागच होते, ते मानकरी. ‘‘वयनी,’’ ते खाली बघत म्हणाले, ‘‘बायल माणसान थंय बसूचा नसता. तुमकाय म्हायत आसा.’’

‘‘माका म्हायत आसा,’’ आई म्हणाली. ‘‘पण तेंचो हात धरूक थंय दुसरा कोण हुता?’’

तातूबुवांनी स्वतः वाकून खुर्चीचा एक पाय धरला. तीन माणसे आणि ते, असे चौघे बाबांना घेऊन निघाले. मागे देवळात नवा अभंग लागला होता, आवाज पायवाटेवर स्पष्ट येत होता, आणि बाबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तो कानाकडे गेला नाही. मी ते पाहिले. मी वाटेतच उभी राहून रडू लागले, मोठ्याने, पोरासारखी. कचेरीतून खुर्ची आली त्या सकाळचे, नखांचे, देवगडच्या निरोपाचे, सगळे एकदम आले.

आई चार पावले पुढे गेली होती. तिने मागे वळून पाहिले, पण ती थांबली नाही.

‘‘रड, बाय,’’ ती म्हणाली. ‘‘पण चलत रड. तेंका पेज भरवची आसा.’’